पत्र्यापलीकडचं तळं

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार, आणि आधी बातमी. तळ्याकाठच्या पॅव्हेलियनसाठी, म्हणजे छप्पर घातलेल्या बसायच्या जागेसाठी, माझा आराखडा निवडला गेला. सकाळी साडेदहाला समितीच्या अध्यक्षाबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि दुपारी नगरपालिकेचं पत्र आलं. म्हणजे आता त्यांना शब्द फिरवता येणार नाही. सात आराखडे होते. दुसऱ्या नंबरवर रंगीत दिव्यांचं सिमेंटचं कारंजं आहे, ते वास्तुविशारदांच्या एका मोठ्या कार्यालयाचं. माझ्या कार्यालयात मी आणि एक प्रिंटर असे दोघंच, त्यातला प्रिंटर गेले आठ दिवस आजारी आहे.

तुला फोनच करणार होते. पण तू फोन उचलतेस, 'बोला' म्हणतेस आणि दोन मिनिटांत ठेवून देतेस. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसाला फोनचा कंटाळा येणारच, म्हणून पत्र.

डिसेंबरमध्ये तुमच्याकडे दोन दिवस राहिले, तेव्हा बेकरीच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या कुंपणाला एक फट आहे, तिथून वाकून आत गेले होते. विटांची भट्टी बंद पडली आणि माती काढलेल्या खड्ड्याचं तळं झालं, हे मला माहीत होतं. पण गवतातून एक पायवाट निघालेली पाहिली आणि मी जागच्या जागी थांबले. तीनशे पावलं जाऊन ती पलीकडच्या काठाला, पाणकणसांच्या बेटापाशी संपते. फरशी नाही, दिवा नाही, पाटी नाही, तरी लोक तिथे जातात. मी आराखड्यात पहिलंच वाक्य लिहिलं: 'या वस्तीने आपली जागा पायांनी आधीच निवडली आहे.' अध्यक्षाबाई म्हणाल्या, सगळ्यांची मतं त्या वाक्याने वळली. पॅव्हेलियन त्या वाटेच्या टोकालाच बांधायचं: 'माणसांना निसर्गाशी जोडणारी जागा', असं मी आराखड्यात शेवटी लिहिलंय.

आता तुझ्याकडे एक काम. समितीला महिनाअखेरपर्यंत पुरावा म्हणून एक मोजणी हवी आहे: आठवडाभर संध्याकाळी किती माणसं तिथे जातात. तुझं घर तिथून पाच मिनिटांवर. एवढं करशील ना? माझं स्वतःच्या नावाचं हे पहिलं काम आहे, आत्या. हे गेलं तर मी पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशांवर जिने काढत बसेन.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं, मग आतोबांना मोठ्याने वाचून दाखवलं. रेडिओ बंद करायला ते तयार नव्हते, त्यामुळे शेजारच्यांनीही ऐकलं. 'पॅव्हेलियन' ऐकल्यावर ते म्हणाले, "मॅच कुठली?" जाऊबाईंनी डोळे पुसले आणि तू लहानपणी खडूने त्यांचं स्वयंपाकघर रंगवलंस ती हकिकत पहिल्यापासून सांगितली. मी ती एकविसाव्यांदा ऐकली. आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला आहे, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे.

तू ती जागा डिसेंबरात पाहिलीस. पावसाळ्यात पाहिली नाहीस. तेव्हा तिथे घोट्यापर्यंत चिखल असतो. डास इतके, की तोंड उघडायची सोय नाही. उत्तरेकडून वारा येतो तो सरळ मानेत शिरतो. त्यापेक्षा सार्वजनिक बागेतल्या हौदाजवळ का बांधत नाहीस? तिथे पाणी आहे, झाडं आहेत, नळसुद्धा आहे. निसर्ग निसर्ग म्हणतेस तो सगळा एका ठिकाणी मिळेल.

मोजणीचं जमलं नाही. डावा गुडघा पुन्हा बोलायला लागला आहे. शिवाय संध्याकाळी चार ते साडेपाच माझा वाचनालयाचा वेळ. इतकी वर्षं नेम चुकवलेला नाही, तुला ठाऊकच आहे.

आशीर्वाद.
आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

तुझी चिखल-डास-वारा ही यादी मी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली आहे आणि एकेक गोष्ट आराखड्यात घेतेय. चिखलासाठी जमीन गुडघाभर उचलली. खांब आठ, जुन्या लाकडाचे. फरशी भट्टीच्या पडक्या विटांची, त्या तिथेच ढिगाने पडल्यात. उत्तरेला कंबरेइतकी भिंत, म्हणजे बसलेल्याच्या मानेला वारा लागणार नाही आणि उभ्या माणसाला पलीकडचं दिसेल. छप्पर तळ्याकडे उतरतं, आणि त्याला पन्हळ नाही. पाऊस आला की छपराच्या काठावरून पाणी सरळ तळ्यात पडेल आणि आत बसलेला माणूस त्या पाण्याच्या पडद्यामागे असेल. डासांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

बागेतला हौद मात्र नको. त्यात प्लास्टिकचं बदक आहे.

तू काळजीपोटी बोलतेस, हे कळतं मला. पहिलंच काम फसलं तर पोरीचं कसं होईल, असं तुला वाटतं. पण ही जागा फसणार नाही, कारण ती मी शोधलेली नाही, लोकांनी शोधली आहे. एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. वाटेच्या टोकाला भट्टीच्या विटा कुणीतरी बसण्यापुरत्या रचल्या आहेत, वर पोत्याची घडी. ते पाहिलं तेव्हाच मला वाटलं, यापेक्षा चांगलं बाकडं मला काढता येणार नाही. पॅव्हेलियनची मधली बैठक नेमकी त्या विटांवर येते. तिथे बसणारे कोण ते कळलं तर सांग. काम पुरं झालं की पहिल्यांदा त्यांनाच बसवू.

गुडघा बरा झाला की मोजशील? अठ्ठावीस तारखेला समितीला कागद द्यायचा आहे. नाहीतर कारंजेवाले टपलेलेच आहेत.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

भिंगरी,

मोजून आले. सात दिवस, रोज संध्याकाळी साडेचार ते साडेपाच.

सोमवार सतरा, मंगळवार चौदा, बुधवार एकोणीस, गुरुवार सोळा, शुक्रवार तेवीस, शनिवार एकतीस. रविवारी कुणी नाही.

आकडे बरोबर आहेत. एक्स्चेंजमध्ये मी कधी आकडा चुकले नाही.

घरी सगळं ठीक. मी हल्ली संध्याकाळी घरीच असते. वाचनालयाचा कंटाळा आला.

आत्या


४ मार्च

आत्या,

तू किती मोठं काम केलंस ते तुला माहीत नाही. तुझा कागद माझ्या सहीने समितीला दिला. शनिवारचे एकतीस पाहून अध्यक्षाबाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. त्यांनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, त्यामुळे लिहिलेला आकडा त्या दोनदा वाचतात. त्यांनी रविवारचं विचारलं. मी म्हटलं, रविवारी लोक घरच्यांबरोबर असतात. ही जागा रोजच्या कामातून सुटलेल्या माणसाची आहे, म्हणून ती कामाच्याच दिवशी भरते. हे मी तिथल्या तिथे रचलं, पण मला स्वतःला ते पटलं.

दहा तारखेला आखणीचे मिस्त्री खुंट्या ठोकायला येतील. एकतीस मार्चला खांबांचा आदेश निघेल.

तुझं पत्र फार त्रोटक होतं. वाचनालयाचा कंटाळा, तुला? बरी आहेस ना?

भिंगरी


१४ मार्च

आत्या,

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहितेय.

मिस्त्री परत आले. त्यांचं वय झालं आहे आणि बोलणं त्यांच्या जिवावर येतं, तरी त्यांनी खुर्ची ओढून घेतली, म्हणजे मोठं काहीतरी असणार. म्हणाले, "ताई, ती वाट लोकांची नाही. एकाची आहे."

मी म्हटलं, कशावरून?

"लोकांची वाट रुंद असते. दोघं समोरासमोर आले की एक जण बाजूला होतो, कडेचं गवत मरतं. मध्येच दुसरी फुटते, कुणाला घाई असते म्हणून. ही टोकापासून टोकापर्यंत दीड वीत. आणि डाव्या बाजूला घासलेली. चालणाऱ्याचा डावा पाय ओढतो."

मी विचारलं, एका माणसाने वाट पडते?

"रोज गेला आणि दहा वर्षं गेला तर पडते."

मग म्हणाले, ते दोन दिवस तिथे होते. गल्लीतून आत कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला एक वयस्कर बाई आल्या, त्यांना पाहून थबकल्या, विटांवरचं पोतं उचलून पिशवीत घातलं आणि परत गेल्या. पिशवी निळी होती, तिला पिवळे बंद होते.

ती पिशवी मीच तुला शिवून दिली होती.

दोन दिवस मला तुझा राग होता. आता तो उतरला आहे, पण काळजी उतरलेली नाही. सतरा, चौदा, एकोणीस या आकड्यांखाली माझी सही आहे. एकतीसला आदेश निघाला तर मी अशा जागी आठ खांब उभे करीन जिथे कुणी येत नाही, आणि ते मला आज माहीत आहे. मला खरं सांग. तिथे कोण जातं?

भिंगरी


१९ मार्च

भिंगरी,

मी जाते. फक्त मी. निवृत्त झाले त्या महिन्यापासून, म्हणजे अकरा वर्षं.

तुला एक्स्चेंज आठवत नसेल. आम्ही बारा जणी एका रांगेत बसायचो, कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात वायरीचा प्लग. याला त्याच्याशी जोडायचं, आणि बोलणं सुरू झालं का ते क्षणभर ऐकायचं. नियमच होता तसा. तो क्षण दिवसातून चारशे वेळा यायचा. कुणाकडे मूल झालं, कुणाचं माणूस गेलं, कुणी नुसतंच 'ऐकू येतंय का' म्हणत राहायचं. घरी आलं की आतोबांचा रेडिओ आणि जाऊबाईंची आख्यानं. दोघंही चांगली माणसं आहेत. पण चांगल्या माणसांचाही आवाज होतोच.

निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यात एकदा पाव आणायला गेले आणि कुंपणाच्या फटीतून आत डोकावले. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन गेले. घरी सांगितलं, वाचनालयात जाते. खरं सांगितलं असतं तर जाऊबाई सोबतीला आल्या असत्या.

तिथे मी काय करते, असं विचारशील. काही नाही. पाणकणसांत एक करडा पक्षी असतो. त्याचं नाव मला ठाऊक नाही आणि त्याला माझं. उजेड पाण्यावरून सरकत सरकत अलीकडच्या काठाला येतो, तो पत्र्यावर चढला की निघायचं. तुझ्या आराखड्यात लिहिलं आहेस, 'माणसांना निसर्गाशी जोडणारी जागा'. जोडायचं म्हटलं की माझ्या हातात प्लग येतो. जोडलं की बोलणं सुरू. त्या तळ्यावर मला कुणाशी जोडलेलं नव्हतं, तेच मला बरं वाटत होतं.

म्हणून आधी तुला चिखलाची आणि डासांची भीती घातली. मग तू त्या विटांवरच्या बैठकीचं लिहिलंस. ते वाचून मला माझीच लाज वाटली. एका बाईच्या दीड तासासाठी पोरीचं पहिलं काम अडवायचं? ठरवलं, सोडून द्यायची जागा. आणि मोजायला गेले.

पण आकडे मला रचता येत नाहीत, तो माझा धर्मच नाही. तेव्हा आकडे खरे आहेत, जागा खोटी आहे. मी बेकरीच्या मागच्या भिंतीशी उभी राहून मोजलं. पाच वाजता पाव निघतो आणि मागच्या खिडकीतून विकतात. लोक साडेचारपासूनच जमतात, कारण बेकरीच्या भट्टीने ती भिंत गरम असते. ओळीने भिंतीला पाठ टेकून उभे राहतात. शिंपीणबाई असतात, शाळेतले दोघं-तिघं, बस चालवणारा एक जण, पोरं घेतलेल्या बाया. पाव हातात पडला तरी लगेच जात नाहीत. रविवारी बेकरी बंद, म्हणून कुणी नाही. तुझं रविवारचं स्पष्टीकरण वाचून मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

भिंतीला पाठ म्हणजे तोंड पत्र्याच्या कुंपणाकडे. पत्र्यापलीकडे पंधरा पावलांवर पाणी आहे. इतकी वर्षं ही माणसं रोज तासभर पत्रा बघत उभी आहेत. मागच्या पावसात एका छोट्या मुलीने मला विचारलं, "आजी, पलीकडे कुणाचा रेडिओ चालू आहे?" बेडूक होते ते. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आत आली असती.

हे सगळ्यात वाईट मी केलं, असं मला हल्ली वाटतं. मोजणीपेक्षाही.

आता तू ठरव. कागदावर माझी सही हवी असेल तर मी करते.

आत्या


२४ मार्च

आत्या,

काल समितीपुढे सगळं सांगितलं. सही माझी होती, त्यामुळे चूक माझी, असंच सांगितलं, आणि ते खरंही आहे. डिसेंबरात मी दोन दिवस तुमच्या घरी होते. गवतातल्या वाटेचे चाळीस फोटो काढले, तिच्यावर नऊ पानं लिहिली, आणि ती वाट जिची, तिच्या हातचं जेवून परत आले. 'तिथे कोण जातं गं?' एवढं ताटावर बसून विचारायचं मला सुचलं नाही.

अध्यक्षाबाई म्हणाल्या, "औषध बरोबर आहे, बाटलीवरचं नाव चुकलंय. दुकानात असं झालं की मी बाटली परत घ्यायचे. ग्राहकाला हाकलत नव्हते." एकतीसचा आदेश त्यांनी तूर्त थांबवला, पण दोन सभासद कारंज्यावर अडून बसले आहेत. ते म्हणतात, एकदा मोजणी चुकली, आता बेकरीची तरी कशावरून खरी? त्यात चूक काही नाही.

नवा आराखडा मी तीन दिवसांत काढला. खांब आठच, पण बेकरीच्या भिंतीसमोर. ती गरम भिंत हीच पाठ, म्हणून उत्तरेची भिंत गेली. मधलं कुंपण गेलं. पाण्याच्या कडेला विटांचा बसता कठडा, मुलांना ओलांडता येणार नाही एवढा रुंद. पलीकडचा काठ आहे तसा. नव्या नकाशात मी ती वाट दाखवलेली नाही. तिथे फक्त 'गवत' लिहिलं आहे. वाट एका माणसाची आहे एवढं समितीला सांगितलं, माणूस कोण ते सांगितलं नाही.

पण मोजणारी कोण, ते सांगावं लागलं. समिती पुढच्या गुरुवारी बेकरीपाशी येणार आहे, आणि त्यांना मोजणारं माणूस समोर हवं आहे. चारचौघांत तू येऊन सांगशील का, की हे आकडे इथले? तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. पण येणार असशील, तर त्याआधी वाचनालयाचं प्रकरण घरी तुझ्या तोंडून गेलेलं बरं. गल्ली छोटी आहे.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

येते.

घरी सांगितलं. जेवणं झाल्यावर रेडिओ मी स्वतः बंद केला, त्यामुळे दोघंही घाबरून बसले. सगळं ऐकून आतोबा म्हणाले, "वाचनालय चार वर्षांपूर्वीच संध्याकाळचं बंद झालं. मी काही बोललो का?" मी विचारलं, मग मी कुठे जाते असं वाटलं तुम्हाला? म्हणाले, "परत येतेस ना, बास. आल्यावर तुझा चेहरा बरा असतो." एवढं बोलून त्यांनी रेडिओ लावला, पण आवाज निम्मा. जाऊबाईंना वाईट वाटलं. म्हणाल्या, "मला नेलं असतंत तर मी गप्प बसले असते." आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याच हसायला लागल्या.

गुरुवारचं पक्कं झालं. एका संध्याकाळपुरते चार पत्रे उतरवायला नगरपालिकेने परवानगी दिल्याचं काल अध्यक्षाबाईंनी चिठ्ठीने कळवलं. कल्पना बेकरीवाल्याची. तो म्हणाला, "नकाशा बघून काय कळणार? उघडून बघू द्या." मिस्त्री पाण्याच्या कडेने दोर बांधणार आहेत, म्हणजे मुलं पुढे जाणार नाहीत. लोकांना आधी काही सांगायचं नाही, असं ठरलं आहे. पाव नेहमीसारखा पाचला निघेल. समिती बाजूला उभी राहून बघेल, मला आकडे विचारेल, आणि तिथल्या तिथे हात वर करून ठरवेल. कारंज्यावर अडलेले दोघं सभासदही येणार आहेत. शिंपीणबाई त्यांचं कितपत ऐकतील ते बघू.

मला काय बोलायचं त्याची तालीम केली, तर तीन वाक्यांत संपतं. आयुष्यभर दुसऱ्यांना लाईन दिली, स्वतः बोलायची सवय नाही. तीनच बोलेन.

एका गोष्टीचा विचार दोन दिवस केला. पत्रे उतरले की पलीकडचा काठ सगळ्यांना दिसणार. मी तिथे बसले तर मीही दिसणार. काल बेकरीच्या भिंतीशी उभी राहून फटीतून अंदाज घेतला. एवढ्या अंतरावरून माणूस दिसतं, ऐकू येत नाही. त्यांचं मला येणार नाही आणि माझं त्यांना. तेवढं मला चालेल. आणि ती छोटी मुलगी कधी चालत आलीच, तर तिला बेडकांचं सांगायचं राहिलं आहे.

तू सकाळच्या गाडीने ये, जेवून निघू. गुरुवारी साडेचारला बेकरीवाला पहिला पत्रा उतरवेल.

आत्या